सोडलेली झाडं

नवतपा लागला. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी साडेआठला स्कूटीच्या सीटवर बसवेनासं झालं की समजायचं. हे नऊ दिवस अमरावतीत माणसं कामापुरतंच बोलतात. दुपारी रस्त्यावर रसवंतीची घुंगरं तेवढी वाजतात, नाहीतर तोंडाला दुपट्टे गुंडाळलेल्या मुली गाडीवरून भुर्रकन जातात. घरोघर कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसलेल्या असतात. त्या ओल्या ताट्यांचा वास आला की बाकीच्यांना हायसं वाटतं. मला करवतीचा आवाज ऐकू येतो. सहा वर्षं झाली, तरी दर मे महिन्यात येतो.

मी इथल्या विद्यापीठात मराठी शिकवते. आणखी एक वर्ष शिकवीन आणि मग घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढीन. पण आत्ता दुसऱ्याच्या चुकांबद्दल लिहीत नाहीये.

गेल्या आठवड्यात सभागृहात एक सादरीकरण झालं. विषय होता कोरड्या हवामानातला शाश्वत विद्यापीठ परिसर. पर्यावरणशास्त्राचा नवा तरुण प्राध्यापक पडद्यावर एकेक चित्र दाखवत होता. हिरवळीऐवजी स्थानिक झाडं लावावीत. पालापाचोळा जाळू नये, बुंध्याशी पसरावा. रोपाशेजारी मातीचा माठ पुरावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाडाला पाण्याची सवय लावू नये, दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्यावं आणि तीन-चार वर्षांत पाणी पूर्ण बंद करावं. मुलगा हुशार आहे, मनापासून बोलत होता. शेवटी कुणीतरी विचारलं, "आपल्याकडे असं पूर्वी कोणी केलंय का?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि दोन घोट प्यायले. उत्तर मला माहीत होतं.

उत्तराचं नाव सुखदेवभाऊ. आमच्या परिसराचे मुख्य माळी. चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातले. उमेदीच्या काळात त्यांनी वरूडला संत्र्याच्या बागांमध्ये काम केलं होतं आणि मग विद्यापीठात लागले ते निवृत्तीपर्यंत. उंच, काटक, डोक्याला कायम ओला दुपट्टा. बोलणं कमी आणि जे बोलायचे ते रोखठोक वऱ्हाडी. कुलगुरू असोत की झाडूवाली बाई, सगळ्यांशी एकच भाषा, आणि शेवटी एक 'जी' लावला की झाला मान देऊन.

मी विभागात नवी असताना खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं रोप सुकलेलं दिसलं, म्हणून माझ्या बाटलीतलं पाणी त्याला घातलं. सुखदेवभाऊ लांबून आले.

"काहून घातलं जी पानी?"

"सुकलंय ना ते."

"सुकलं नाई, शिकून राहिलं. परवा त्याची पाळी हाय. तुमी आज पाजलं, आता ते परवा पाहीन तुमची वाट."

मग त्यांनी शेजारच्या, पाणी न घातलेल्या रोपाच्या मातीत तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसली, बाहेर काढली आणि बोटाला चिकटलेली ओल मला दाखवली. वर फुफाटा आणि दोन पेरं खाली ओल. माझं सगळं शिक्षण पुस्तकातलं, त्यामुळे मला ती जादूच वाटली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पहिल्या वर्षी चार दिवसांआड पाणी, दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी. तिसऱ्या वर्षी बुंध्यापासून हातभर लांब एक माठ गळ्यापर्यंत पुरायचा, तो भरायचा आणि वर कौल झाकायचं. माठ पाझरेल तेवढंच पाणी झाडाचं. हे माठ ते परतवाड्याच्या बाजारातून आणत. कुंभाराकडे कच्चे भाजले गेलेले, कुणी न घेतलेले. "पक्का माठ काय कामाचा? त्याले झिरपताच येत नाई," असं म्हणत. वसतिगृहातल्या मुलांच्या आंघोळीचं पाणी त्यांनी चर खणून पटांगणाकडे वळवलं होतं. काळ्या जमिनीला एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या बुजवायला ते बुंध्याभोवतीची माती उकरत बसायचे. एक डवरणी म्हणजे अर्धं पाणी, हे शेतातलं गणित त्यांनी विद्यापीठात आणलं होतं. पाला जाळलेला मात्र त्यांना खपायचा नाही. एकदा सफाईच्या नव्या माणसाने ढीग करून पेटवला, तर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

झाडांना उपाशी ठेवणं मला पटायचं नाही. एकदा तसं म्हटलं, तर हसले. म्हणाले, "वरूडले बागवाले संत्र्याले तान देतेत. पानी तोडतेत. तवा बहार येते. रोज पानी पेलेल्या झाडाची मुळी वरच लोळत राह्यते, मॅडम. खाली जाईन कायले? उपास शिकवा लागते."

आणि मग यायचा सोडायचा दिवस. पावसाळा संपून जमीन आवळायला लागली की चौथ्या वर्षातल्या झाडांमधून ते एक झाड निवडत. शेवटची बादली हळूहळू ओतायची. पाणी मुरेपर्यंत तिथेच उभं राहायचं. मग आळं मोडून जमीन सपाट करायची, माठ अलगद उकरून काढायचा आणि लगेच दोन वर्षं झालेल्या एखाद्या रोपाशेजारी पुरायचा. बुंध्यावर थाप मारून म्हणायचे, "जाय आता. आपलं आपन पाह्य." मग बरोबरच्या माळ्यांना गूळ-शेंगदाणे. मीही एकदोनदा खाल्ले आहेत. त्या दिवशी ते जरा जास्त बोलायचे आणि दिसेल त्याला सांगायचे, "आज एक सोडलं जी."

ग्रंथालय आणि मुलींच्या वसतिगृहाच्या मधल्या पटांगणावर अशी एकतीस सोडलेली झाडं होती. कडुनिंब जास्त, मग अंजन, हिवर, दोन-तीन पळस आणि एक बिब्ब्याचं. भर मे महिन्यात तिथे उतरलं की जाणवायचं, इथला वारा निराळा आहे. परीक्षेचे दिवस आले की मुली चटया टाकून लिंबाखाली वाचत बसायच्या, मोहराचा चुरा त्यांच्या वह्यांत पडायचा. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका उत्तरपत्रिकेत तो निघाला होता. हिवाळ्यात माळ्यांचा रोडग्यांचा बेत तिथेच व्हायचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडून वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मला बोलावणं यायचं आणि मी साडी सावरत चटईच्या कडेला बसायची. सुखदेवभाऊ वाढायला उभे राहत आणि "घ्या जी, लाजू नका, पुन्यात हे भेटत नाई" म्हणून मला चिडवत.

पुण्याचं चिडवणं खरं होतं. मी अकोल्याची. घरात सगळे 'मले-तुले'वाले. एम. ए.ला पुण्याला गेले आणि वसतिगृहाच्या पहिल्याच रात्री जेवताना "मले भात नको" म्हणाले, तर सगळं टेबल हसलं. कुणी वाईट नव्हतं त्यात, नुसतं हसू आलं त्यांना. पण मी महिनाभरात 'मले' टाकून दिलं. दिवाळीला घरी आले तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगी भाषा धुऊन आली." मला ते कौतुक वाटलं. पुढे मी भाषेचीच मास्तरीण झाले. दुसऱ्यांच्या वह्यांतले 'मले' लाल पेनाने गोल करायला लागले.

तर त्या वर्षीचा उन्हाळा. विद्यापीठाची तपासणी करायला समिती येणार होती. अशा वेळी विद्यापीठांच्या अंगात येतं. कुठे रंग, कुठे पाट्या, आणि फायलींना नव्या नाड्या. परिसर सुशोभीकरण समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं, कारण मराठीवाल्यांना काम नसतं असा सर्वत्र समज आहे. कार्यालयाने माझ्याकडे झाडांची माहिती मागितली. कोणती झाडं आहेत, त्यांना पाणी किती लागतं, असं सगळं वर्गवारी करून. मी वही घेऊन पटांगणावर गेले. सुखदेवभाऊ सांगत गेले, मी लिहीत गेले. इमारतीपुढची शोभेची झाडं पाण्याची. रस्त्याकडेची तिसऱ्या वर्षातली रोपं माठाची.

"आणि ही एकतीस?"

"हे सोडलेले."

मी लिहिलं, 'सोडलेली'. इथपर्यंत काहीही चुकलेलं नव्हतं.

घरी आल्यावर ते टाइप करायला बसले. समोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कूलरची घरघर आणि मला आलेली घाई. नुसतं 'सोडलेली' सरकारी कागदात उघडंबोडकं दिसत होतं. मी ते नीट केलं. 'क) देखभाल सोडून दिलेली झाडे - एकतीस.' वाक्य कसं भारदस्त झालं! खाली सही केली आणि कागद गेला.

सोडणे या क्रियापदावर मी वर्गात एक अख्खा तास घेते. उपास सोडतात, म्हणजे जेवतात. बैल सोडतात, म्हणजे त्यांचा दिवस संपला, त्यांनी आता चरावं. संकल्पाचं पाणी सोडतात, आशाही सोडतात. नवऱ्याने सोडलेली बाई म्हटलं की गाव तिच्याकडे बघायची तऱ्हा बदलतं. एकाच शब्दात मोकळं करणंही आहे आणि टाकून देणंही, हे मुलांना पटवताना मला दरवर्षी मजा यायची. माळ्याचं सोडणं पहिल्या अर्थाचं होतं. त्याचं गूळ-शेंगदाण्यासकट सगळं मला ठाऊक होतं, मी खाल्लं होतं. आणि तरी मी त्याला दुसऱ्या अर्थाचे कपडे चढवून कार्यालयात पाठवलं. अज्ञानाने झालं असतं तर आज एवढं टोचलं नसतं.

कार्यालयाने जे वाचायचं तेच वाचलं. देखभाल सोडून दिलेल्या झाडांची जागा मोकळी करून तिथे हिरवळ करावी, म्हणजे समितीला प्रवेश करताच हिरवं दिसेल. ठरावाची प्रत माझ्याकडे आली होती. मी 'क गट' एवढंच वाचलं आणि पान उलटून सही केली. दुसऱ्या दिवशी मला अकोल्याला निघायचं होतं. भाचीचं लग्न होतं.

अकोल्याच्या उन्हाचं काय सांगावं! मंगल कार्यालयात सहा कूलर लावले होते आणि सहाही गरम वारा फेकत होते. वऱ्हाडी मंडळी पन्ह्याच्या पिंपाभोवती गोळा झाली होती. कुणाच्या खिशात कांदा, कुणाच्या डोक्यावर ओला रुमाल. बायका मला "काहून वो, एवढी बारीक झाली" म्हणत होत्या आणि मी त्यांना छापील मराठीत उत्तरं देत होते. फोन पर्समध्ये होता. अक्षता पडल्यावर पाहिलं, तर सुखदेवभाऊंचे तीन फोन येऊन गेलेले. मला वाटलं, रजेचं काहीतरी असेल. लग्नाच्या गडबडीत कुठे बोलायचं, उद्या बघू. मग जेवणं, पाठवणी, रडारड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला, तो त्यांनी उचलला नाही.

बरोबरच्या एका माळ्याने मला नंतर सांगितलं. करवती घेऊन माणसं आली, तेव्हा सुखदेवभाऊ पहिल्या लिंबाला पाठ लावून उभे राहिले होते. ठेकेदाराने कागद दाखवला. ते म्हणाले, "मॅडमले फोन लावतो." तीनदा लावला. मग कागद पुन्हा मागून घेतला, खालची सही बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मॅडमची सही हाय. त काही तरी इचार असन." आणि बाजूला झाले.

माझ्यावरच्या विश्वासाने ते बाजूला झाले. हे वाक्य मी सहा वर्षांत पुष्कळदा मनात लिहिलं, कागदावर आज पहिल्यांदा लिहिते आहे.

अकोल्याहून परतले ती तशीच, बॅग घेऊन पटांगणावर गेले. दुपारचे चार वाजले असतील. सगळीकडे लख्ख ऊन होतं. मी त्या जागी कधी एवढं ऊन पाहिलंच नव्हतं. भुशाचा कडू वास आणि बुंध्यांवर डिंकाचे थेंब. साळुंक्या जमिनीवर उतरून गोंधळल्यासारख्या इकडून तिकडे चालत होत्या. आणि मधोमध सुखदेवभाऊ बादली घेऊन उभे होते. कापलेल्या एकेका खोडाला ते पाणी घालत होते. ज्यांचं पाणी त्यांनी कधीच बंद केलं होतं, त्यांना.

मला बघून म्हणाले, "ओल राह्यली त फुटते कधी कधी." मग बादली खाली ठेवली. "मॅडम, काहून?"

मी काय म्हणाले असेन? मी पर्समधून वही काढली. त्या क्षणीही मला वहीच सुचली. पान उघडून म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलं होतं, भाऊ. सोडलेली म्हणून."

त्यांना पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला.

"सोडले मंजे... मोठे झाले ना जी ते," एवढंच बोलले.

दोन दिवसांनी जेसीबी आला आणि खोडंही निघाली.

मुलींनी निवेदन दिलं. वर्तमानपत्रात फोटो आला. कार्यालय घाबरलं आणि त्याने माझ्याकडे खुलासा मागितला. मी एका पानाचा खुलासा लिहिला. त्यातलं एकच वाक्य कामाचं होतं: 'सदर वर्गवारी उद्यान विभागाने दिलेल्या तोंडी माहितीच्या आधारे करण्यात आली.' वर्गात मी मुलांना सांगते की कर्ता लपवायला मराठीत 'करण्यात आली'सारखी दुसरी सोय नाही. 'मी केली' लिहायला एकही शब्द जास्त लागला नसता. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. 'देखभाल' आणि 'दिलेली' हे दोन शब्द माझ्या पदरचे आहेत, एवढं फक्त त्यात नव्हतं.

चुकीची माहिती पुरवल्याबद्दल सुखदेवभाऊंना लेखी ताकीद मिळाली. निवृत्तीला महिना राहिला होता. कागदावर ताकीद असल्यामुळे निरोपाचा कार्यक्रम झाला नाही, शाल-श्रीफळ नाही, चहासुद्धा नाही. मी कुलसचिवांच्या दारापर्यंत दोनदा गेले. एकदा आत कुणी बसलं होतं. एकदा कुणी नव्हतं. तरी मी परत आले. मला प्रमोशन नको होतं, कुणाची भीती नव्हती. मराठीच्या विभागप्रमुख बाईंना एक शब्द कळला नाही, असं लोक म्हणतील, एवढंच होतं. तेवढ्यासाठी मी एका माणसाचा शेवटचा महिना खाल्ला.

शेवटच्या दिवशी ते विभागात आले होते. खुर्चीवर बसले नाहीत. "येतो जी," म्हणाले आणि गेले. मी "या हं" म्हटलं.

हिरवळ लागली. टँकरमागून टँकर तिच्यावर रिकामे झाले. समिती आली, तिच्यावर उभी राहून फोटो काढले आणि समोसे खायला आत गेली. पुढच्या नवतप्यात ती हिरवळ पिवळी पडली, त्याच्या पुढच्यात तिथे माती उडायला लागली. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. मे महिन्यात त्यांच्यावरून चप्पल घालूनही चालवत नाही. मुली वाचायला ग्रंथालयाच्या जिन्यात बसतात.

सादरीकरणानंतरच्या रविवारी मी चांदूर बाजारची बस धरली. त्या तरुण प्राध्यापकाने विचारलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. सुखदेवभाऊंना विद्यापीठात बोलवायचं, सगळ्यांसमोर बसवायचं, त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. आणि त्याआधी मला जे बोलायचं होतं ते बोलायचं. बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते. खिडकीबाहेर नांगरून पडलेली काळी शेतं होती, उन्हात लकाकणारी.

घर विचारत गेले. पुढे अंगण, अंगणात लिंब, ओसरीत तथागतांचा फोटो आणि खाली बाज. सुखदेवभाऊ बाजेवर बसले होते. फार वाळले होते. शेजारी काठी. आठ-नऊ वर्षांची नात दारात आली आणि मला म्हणाली, "या. बसा. आजोबा, पाहुण्या आल्या आहेत. मी आपल्यासाठी पाणी आणते."

मी थक्क झाले. शहरातल्या शाळांतली मुलंही इतकं स्वच्छ बोलत नाहीत.

"किती छान बोलतेस गं," मी म्हटलं.

"आजोबांनी सांगितलं आहे," ती म्हणाली, "घरातसुद्धा शुद्ध बोलायचं. मले-तुले म्हणायचं नाही. आपण नीट बोललो नाही, तर झाडं तोडतात."

ती पाणी आणायला आत गेली. मी तिथेच उभी होते.

"बसा, मॅडम," सुखदेवभाऊ म्हणाले. "आपण कशा आहात?"

आपण. कशा आहात. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी असा शब्द ऐकला नव्हता. ते एकेक शब्द थांबून, तपासून बाहेर काढत होते. त्या आवाजात त्यांचं काहीच नव्हतं. ते मला बागांबद्दल विचारत होते, माझ्या तब्येतीबद्दल विचारत होते आणि मला ऐकवत नव्हतं. मी घाईघाईने निरोप सांगितला. विद्यापीठात नवा उपक्रम आहे, तुमची पद्धत सगळ्यांना हवी आहे, मी गाडी पाठवते, तुम्ही फक्त या आणि सांगा.

त्यांनी मान हलवली. "नको, मॅडम. मी काहीतरी चुकीचं सांगेन. पुन्हा कुणाचं नुकसान होईल."

"तुम्ही कधी चुकीचं सांगितलं?"

"तेव्हा नाही का," ते म्हणाले. "मी अडाणी भाषेत बोललो. आपण तरी काय करणार? मी नीट सांगितलं असतं, तर एकतीस झाडं उभी असती." हे त्यांनी कडवटपणे म्हटलं असतं, टोमणा मारला असता, तर मी सुटले असते. ते मनापासून सांगत होते. सहा वर्षं त्यांनी हेच मानलं होतं आणि आपल्या नातीला त्यातून वाचवायला निघाले होते.

बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरले. चाळीस वर्षांपूर्वी एका जेवणाच्या टेबलावर टाकून दिलेली भाषा तोंडात आली, अडखळत, गंजलेली.

"भाऊ, चूक माही होती," मी म्हटलं. "तुमी बराबर सांगतलं होतं. मले समजलं होतं. म्याच ते कागदावर बदललं, आन् मंग तुमच्यावर लोटलं. चूक माही हाय, भाऊ."

क्षणभर मला वाटलं, आता ते "काहून जी" म्हणतील. नात पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"नाही, मॅडम," ते समजूत घालत म्हणाले. "चूक माझी होती."

'माझी' त्यांनी सावकाश, नीट उच्चारलं आणि बरोबर आलं का म्हणून नातीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.